बिनतारी जाळ्यांचे मानक : हरकतींतून सहमतीकडे

निरनिराळ्या कारखान्यांत तयार झालेले संगणक व दूरध्वनी संच तारेवाचून परस्परांशी जोडले जातात, ते समान मानकामुळे. वाय-फाय या नावाने परिचित असलेले हे मानक आयईईई या अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा '८०२.११' कार्यगट तयार करतो. १९९० मध्ये स्थापन झालेल्या या गटाचे पहिले मानक १९९७ मध्ये संमत झाले.

गटाचे सभासदत्व व्यक्तीला मिळते, कंपनीला नाही. मताधिकार सभांना नियमित हजेरी लावूनच मिळवावा लागतो. कामकाजविषयक ठरावास साधे बहुमत पुरते. तांत्रिक ठरावास मात्र ७५ टक्के मते लागतात. मसुद्यावर लेखी मतदान होते. विरोधकाने हरकत व तीवरील उपाय नमूद करावयाचा आणि गटाने त्यावरील निर्णय लेखी नोंदवावयाचा, असा दंडक आहे. ब्लूटूथसारखी इतर साधनेही त्याच लहरपट्ट्यात चालत असल्याने सहअस्तित्वाचा विचार '८०२.१९' हा स्वतंत्र गट करतो.

'८०२.११एन' चा पहिला मसुदा २००६ मध्ये निम्मी मतेही मिळवू शकला नाही. त्यावर सुमारे १२ हजार अभिप्राय आले. त्यांचा निपटारा होऊन २००९ मध्ये मानक संमत झाले. याउलट '८०२.१५.३ए' या भगिनी गटात दोन पक्षांपैकी कोणालाही ७५ टक्के मते टिकविता आली नाहीत व २००६ मध्ये ते काम गुंडाळावे लागले.

नियम सहमतीची हमी देत नाहीत. तथापि, हरकतीची दखल घेतल्यावाचून निर्णय होत नसल्याने तो झाल्यावर सर्वांना आपला वाटतो, हाच या पद्धतीचा बोध होय.