साखरेचा आजार एकच नव्हे

आमच्या गावी मधुमेहाला ‘साखरेचा आजार’ म्हणतात आणि तो गोड खाल्ल्यानेच होतो, असे सर्वांनी ठरवून टाकलेले आहे. माझ्या वडिलांना हा विकार आहे. त्यांना गोड तर मुळातच आवडत नसे! मी कलाशाखेचा विद्यार्थी, तरी या कोड्यापायी ग्रंथालयात मिळाले ते वाचीत गेलो.

जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची ग्रंथी असते. ती पाचकरस तयार करते. १८६९ साली बर्लिनमध्ये पॉल लँगरहान्स या वैद्यकीय विद्यार्थ्याला सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात निराळ्या पेशींची बेटे दिसली. ती कशासाठी, हे त्याला उमगले नाही. १८८९ मध्ये मिन्कोव्स्की व फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढले, तर त्याला मधुमेह जडला! पुढे १९२१ साली टोरांटोत बँटिंग व बेस्ट यांनी या ग्रंथीचा अर्क काढला. जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सनला तो टोचला. पहिला अर्क अशुद्ध निघाला, पण कॉलिप यांनी शुद्ध केलेल्या अर्काने त्याची साखर उतरली. हेच इन्सुलिन. ते त्या बेटांतील ‘बीटा’ पेशी तयार करतात आणि त्याच्यामुळे रक्तातील साखर स्नायूंत व चरबीत शिरते.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते लंडनच्या हिम्सवर्थ यांचे १९३६ चे काम. त्यांनी रुग्णांना साखर व इन्सुलिन एकदम दिले. काहींची साखर आटोक्यात राहिली, काहींची चढतच गेली. म्हणजे काहींपाशी इन्सुलिनच नव्हते, तर काहींचे शरीर त्याला दाद देत नव्हते. पहिल्या प्रकारात शरीराची संरक्षक यंत्रणाच बीटा पेशींचा नाश करते, हे पुढे कळले. दुसऱ्यात आनुवंशिकता, वाढलेली चरबी आणि बैठे जीवन यांचा हात असतो. बीटा पेशी जादा काम करून हळूहळू थकतात. वडिलांचा प्रकार हा दुसरा. त्यांना अजून गोळ्या पुरतात.

आमच्या आळीतील एका मुलाला मात्र दहाव्या वर्षीच सुई लागली. ‘गोड तोडा, कारल्याचा रस द्या, सुई सुटेल,’ असे जो तो सांगे. त्याच्या आईने दोन दिवस सुई थांबवली. इन्सुलिन नसले की शरीर चरबी जाळू लागते आणि रक्तात आम्ल साठते. पोराला बेशुद्धावस्थेत तालुक्याला न्यावे लागले. तो वाचला. आता ती माउली सुई चुकवीत नाही; शेजारणी मात्र अजून कारल्याचा रस सुचवितात.