ट्रेलरवर जाणारी मोठी सफरी होडी : आधी वजन, मग लांबी

बोईसरला फॅब्रिकेशनचा व्यवसाय करणाऱ्या एका मित्राची ही हकीकत. तारापूर औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांना केमिकलच्या टाक्या, डक्ट, फायबरचे अस्तर पुरवणे हे त्यांचे नेहमीचे काम. हाताखाली दोन चांगले वेल्डर आणि फायबरचा एक जुना उस्ताद. घाटावरच्या एका धरणाजवळ पर्यटनाचा धंदा करणाऱ्या पार्टीने त्यांना केबिन असलेली २७ फुटी होडी सांगितली. बयाणा मिळाला, माल आला, चार महिन्यांत होडी उभी राहिली. कामात खोट म्हणून काढता आली नसती. पाण्याचा एक थेंब आत येत नव्हता.

नुकसान झाले ते शेडबाहेर पडल्यावर. होडीची रुंदी होती ९ फूट ८ इंच. ट्रान्सपोर्टवाल्याने फीत लावून पाहिली आणि माल ओव्हर-डायमेन्शन आहे, परवानगी काढा, असे सांगितले. वजन दीड टन धरले होते, काट्यावर ते दोन टन चारशे किलो भरले. धरणावर क्रेन नव्हती, होता तो नुसता मातीचा उतार. भाड्याच्या वाहनांत, हायड्राच्या फेऱ्यांत आणि थांबल्याच्या भाड्यात सगळा नफा गेला. आमचे मित्र आजही म्हणतात, “काम मी शिकलो होतो, माप कोणी शिकवलेच नव्हते.” त्या मापाविषयीच आज लिहायचे आहे.

प्रथम, ही होडी म्हणजे काय ते पाहू. तीन-चार माणसे दोन-चार दिवस राहू शकतील, निजू शकतील, चहा-जेवण करू शकतील, शिडावर किंवा लहान इंजिनावर खाडीतून, किनाऱ्याने, धरणाच्या पाण्यात हिंडतील, आणि सफर संपली की होडी पाण्याबाहेर काढून रस्त्याने घरी नेतील, अशी ती सफरी होडी. परदेशात ती २२ ते २८ फुटांची असते. आपल्या पालघरच्या किनाऱ्यावर हा प्रकार अजून रुळलेला नाही. परंतु त्याची गरज इथे इतर ठिकाणांपेक्षा जास्त आहे असे मला वाटते. सातपाटी, मुरबे, डहाणू इथल्या मच्छीमारांना पावसाळ्यात होड्या ओढून घ्याव्याच लागतात. आणि शौकाची होडी वर्षभर पाण्यात बांधून ठेवायला या किनाऱ्यावर मरीना नाही. म्हणजे चार महिने होडी घरी, शेडमध्ये किंवा वाडीत उभी राहणार. जी रस्त्याने सहज जाते तीच इथे परवडेल.

हुन्नर कमी आहे असे मात्र कोणी समजू नये. गोव्यात दिवाड बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात लाकडी पट्ट्या आणि फायबर यांची ५६ फुटी ‘म्हादेई’ तयार झाली, आणि २००९-१० मध्ये नौदलाचे दिलीप दोंदे यांनी तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. अर्थात म्हादेई खोल आणि जड तळाची समुद्रगामी होडी आहे. ती ट्रेलरवर फिरवायची वस्तू नव्हे. आपला विषय तिच्यापेक्षा लहान आहे, पण मापाच्या बाबतीत जास्त काटेकोर.

रस्त्याचे माप असे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील ९३ व्या नियमाप्रमाणे वाहनाची एकूण रुंदी २.६ मीटरपेक्षा जास्त चालत नाही. २.६ मीटर म्हणजे साडेआठ फूट. अमेरिकेतही हीच मर्यादा धरली जाते, म्हणून तिकडच्या बहुतेक ट्रेलर-होड्या आठ ते साडेआठ फुटांतच बसवलेल्या दिसतील. आपण कडेचे रबर, कठडे, बाहेर आलेले बोल्ट धरून आठ फूट चार इंचांच्या पुढे जाऊ नये. उंची ट्रेलरसह चार मीटरच्या आत ठेवावी. विजेच्या रेल्वेमार्गाच्या फाटकांवर जी उंचीची कमान असते ती ४.६७ मीटरची असते, पण झाडाच्या फांद्या आणि गावातल्या खाली आलेल्या तारा कमान पाहून वाढत नाहीत.

रुंदी अशी बांधली गेली की गिऱ्हाईक लांबी मागते. इथे हिशेब नीट समजून घ्यावा. २४ फुटांची होडी २८ फुटांची केली आणि रुंदी तीच ठेवून खोली मात्र लांबीच्या प्रमाणात वाढवली, तर वजन सुमारे ३६ टक्के वाढते. चार फूट वाढले म्हणून सहावा हिस्सा वजन वाढेल असे जो धरेल तो फसेल. शिवाय लांब आणि अरुंद होडी बाजूला लवकर कलते. तिला सरळ ठेवायला तळाशी आणखी वजन लागते. म्हणून आधी गिऱ्हाइकाला विचारावे : ओढणारे वाहन कोणते? त्या वाहनाच्या कागदावर ओढण्याची मर्यादा किती लिहिली आहे? त्यातून ट्रेलरचे वजन वजा करा, इंजिन, इंधन, पिण्याचे पाणी, नांगर-साखळी, गादी-भांडी वजा करा. जे उरेल तेवढीच रिकामी होडी बांधायची आहे. लांबी त्यातून आपोआप निघते.

आता माल. २६ फुटी होडीच्या नुसत्या तळ-बाजूंचे क्षेत्रफळ अंदाजे ३० चौरस मीटर धरा. तीन मिलिमीटरचा लोखंडी पत्रा चौरस मीटरला साडेतेवीस किलो भरतो, म्हणजे सातशे किलो नुसता पत्रा, वर फासळ्या आणि वेल्डिंग वेगळे. चार मिलिमीटरचे ॲल्युमिनियम चौरस मीटरला साडेदहा-पावणेअकरा किलो, म्हणजे सव्वातीनशेच्या आसपास. सहा मिलिमीटरचे फायबर चौरस मीटरला नऊ किलो, म्हणजे पावणेतीनशे. आमच्या लोखंडाच्या वेल्डर बंधूंना वाईट वाटेल, पण या मापाच्या ट्रेलर-होडीसाठी साधे लोखंड विसरावे. ज्यांच्याकडे आर्गॉनचे वेल्डिंग आहे त्यांनी समुद्री प्रतीच्या ५०८३ ॲल्युमिनियमचा विचार जरूर करावा. खडकाळ किनाऱ्यावर ते फायबरपेक्षा जास्त मार सोसते.

फायबरमध्ये वजन चोरून शिरते ते रेझिनच्या बादलीतून. चारशे पन्नास ग्रॅमच्या मॅटचे सहा थर म्हणजे साधारण सहा मिलिमीटर. एक किलो मॅटला सव्वादोन ते अडीच किलो रेझिन पुरते. कारागीर घाईत असला की सव्वातीन किलो ओततो, रोलर नीट फिरवत नाही, आणि त्याला वाटते जाड झाले म्हणजे मजबूत झाले. मजबुती काचेच्या धाग्याची असते. जादा रेझिनने होडी ठिसूळ आणि जड होते. वरच्या हिशेबाने नुसत्या तळ-बाजूंत ऐंशी किलो फुकट वाढतात. टाकीला हे चालून जाते, होडीला चालत नाही. मॅट आणि रेझिन दोन्ही तोलून द्यावे आणि प्रत्येक दिवसाचा आकडा वहीत लिहावा. बाहेरच्या थरांना आयसो प्रतीचे रेझिन वापरावे. आणि जाता जाता शागीर्दांसाठी एक सूचना : हार्डनर आणि कोबाल्ट एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्या, हार्डनर त्यानंतर.

होडी उलटू नये म्हणून तळाशी जे वजन ठेवतात त्याला जुने खलाशी नीरम म्हणत. ट्रेलर-होडीची खरी अडचण ही की समुद्रात हवे असलेले हे वजन रस्त्यावर नको असते. अमेरिकेतील रॉजर मॅकग्रेगर यांनी १९८० च्या दशकात यावर सोपी युक्ती लोकप्रिय केली. त्यांच्या २६ फुटी होडीत तळाशी टाकी होती. होडी पाण्यात उतरली की झडप उघडून सुमारे साडेपाचशे किलो पाणी आत घ्यायचे, आणि परत ट्रेलरवर चढली की ते सोडून द्यायचे. रिकामी होडी पाऊण टनाच्या आसपास होती, त्यामुळे साध्या मोटारीमागे ती जाऊ शके. टाक्या बनवणाऱ्या आपल्या बोईसरच्या कारागिरांना ही गोष्ट लगेच पटेल.

परंतु यात एक धोका आहे. पाण्यात बुडालेल्या टाकीतील पाण्याला स्वतःचा भार जाणवत नाही. होडी कलून टाकीची एक बाजू वर येऊ लागते तेव्हाच ते होडीला सरळ करायला लागते. अर्धी भरलेली टाकी तर रिकाम्या टाकीपेक्षा वाईट, कारण होडी कलली की पाणी त्याच बाजूला धावते आणि तिला आणखी कलवते. म्हणून टाकीत आडव्या-उभ्या पडद्या हव्यात, हवा निघायला नळी हवी, आणि टाकी पूर्ण भरली हे डोळ्यांनी दिसेल असे झाकण हवे. झडपेजवळ मोठ्या अक्षरांत सूचना लिहावी : टाकी भरल्याशिवाय शीड उभारू नये. ती मराठीत लिहावी, म्हणजे होडी भाड्याने नेणाऱ्यालाही वाचता येईल.

तळाविषयी आपल्या किनाऱ्याचे वेगळे म्हणणे आहे. इथे उधाणाच्या वेळी पाणी साडेचार-पाच मीटर वर-खाली होते आणि ओहोटीला खाडीत चिखलच चिखल उरतो. होडी दिवसातून दोनदा जमिनीवर बसणार हे धरूनच ती बांधावी. आपल्याकडे तळाच्या मुख्य लाकडाला पठाण म्हणतात. हा पठाण इथे बुटका आणि रुंद हवा, म्हणजे होडी सरळ बसेल आणि ट्रेलरवरही खाली राहील. बाजूला घसरणे थांबवायला मधून खाली-वर होणारी लोखंडी पाती ठेवावी. पाती गॅल्व्हनाइझ केलेली असावी, आणि तिच्या खाचेत चिखल-शिंपले अडकणारच, म्हणून वरून काठी घालून ढकलता येईल असे भोक ठेवावे. ही बारीक गोष्ट परदेशी नकाशांत नेहमी दाखवलेली नसते, पण मुरब्याच्या चिखलात ती नसली तर पाती वरच अडकून बसेल.

डोलकाठी पायथ्याशी बिजागरीवर असावी आणि दोन माणसांनी दहा-पंधरा मिनिटांत आडवी करता यावी. यात तडजोड करू नये. डोलकाठी ॲल्युमिनियमची असते, आणि होडी पाण्याबाहेर काढण्याच्या जागेजवळ विजेच्या तारा असू शकतात. काठी उभी ठेवून ट्रेलर चार पावले हलवला आणि तार लागली तर माणूस हातचा जाईल. पाण्याबाहेर आल्यावर पहिले काम काठी उतरवण्याचे. त्यानंतरच वाहन हलवायचे.

केबिनच्या उंचीबाबत गिऱ्हाईक हट्ट करील. उभे राहता यावे म्हणून छत सहा फुटांवर नेले की वारा धरते आणि ट्रेलरवर उंची वाढते. झोपायला, बसायला पुरेल एवढी उंची द्यावी आणि मधला भाग उचलता येणारा करावा. बाकी सजावट गिऱ्हाइकावर सोडावी.

ट्रेलरबद्दल आपल्या फॅब्रिकेटर बंधूंनी विशेष सावध राहावे. मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेही वाहनच धरले आहे. मंजूर नमुना आणि नोंदणी यांशिवाय शेडमध्ये जोडलेला ट्रेलर रस्त्यावर सोडू नये; अपघात झाला तर बनवणाराही अडकतो. माझा सल्ला असा की होडीसोबत एक भक्कम लोखंडी पाळणा बनवून द्यावा. तो पाळणा मान्यताप्राप्त ट्रेलरवर किंवा भाड्याच्या लो-बेडवर बसेल, हायड्राने उचलता येईल, आणि पावसाळ्यात होडी त्यावरच उभी राहील. पाळण्याचे आधार होडीच्या आतल्या आडव्या भिंतींच्या बरोबर खाली यावेत. मध्येच टेकवले तर फायबर आत दबते. हुकवर येणारा भार एकूण वजनाच्या पाच ते दहा टक्के असावा. कमी असेल तर वेगात ट्रेलर साप चालल्यासारखा डोलतो. बंद बॉक्स-पाइप वापरला तर त्याला निचऱ्याची भोके ठेवावीत, आणि गॅल्व्हनाइझिंग सगळे वेल्डिंग झाल्यावरच करून घ्यावे. चिल्हार फाट्यापासून किनाऱ्यापर्यंत आलेले गरम बेअरिंग लगेच खाऱ्या पाण्यात बुडवले तर थंड होताना ते पाणी आत ओढते. अर्धा तास थांबावे.

कागदपत्रांत, होडी अंतर्देशीय पाण्यात चालणार की समुद्रात, हे बयाणा घेण्यापूर्वी लिहून घ्यावे. नदी-धरणासाठी १९१७ च्या जुन्या कायद्याऐवजी आता अंतर्देशीय जहाज अधिनियम, २०२१ आहे. समुद्रासाठी नियम वेगळे आणि जास्त कडक आहेत. करारात रुंदी, उंची आणि रिकामे वजन हे तीन आकडे घालावेत, आणि होडी सोपवताना वजनकाट्याची पावती जोडावी.

शेवटची चाचणी भरतीच्या शांत पाण्यात, दोन माणसे किनाऱ्यावर ठेवून घ्यावी. टाकी पूर्ण भरून, केबिनची दारे लावून, डोलकाठीच्या टोकाला दोर बांधावा आणि काठी पाण्याला टेकेपर्यंत होडी हळूहळू आडवी ओढावी. मग दोर सोडावा. ती स्वतःहून उभी राहिली नाही तर गिऱ्हाइकाला देऊ नये, तळात वजन वाढवून पुन्हा काट्यावर न्यावी.