मुलांचे वर्तन आणि औषधोपचार : निर्णय कोणाचा?

वर्गात एका जागी न बसणारे, सूचना अर्धवट ऐकणारे, सोबत्यांच्या खोड्या काढणारे मूल शिक्षकांना नवे नाही. परंतु काही मुलांची चंचलता इतकी तीव्र असते की शाळा व घर या दोन्ही ठिकाणी त्यांचे जीवन विस्कळीत होते. वैद्यकशास्त्र यास अवधानन्यूनता व अतिचंचलतेचा विकार म्हणते. अशा मुलांना मनावर परिणाम करणारी औषधे द्यावीत काय, हा वाद पन्नास वर्षांहून अधिक काळ चालू आहे. तो प्रथम अमेरिकेत उद्भवला. त्यातील बोध मात्र आपणांसही उपयुक्त आहे.

औषधाचा उगम

ऱ्होड आयलंड राज्यातील एका बालरुग्णालयात डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांनी वर्तनाच्या तक्रारी असलेल्या ३० मुलांना आठवडाभर बेंझेड्रिन हे उत्तेजक औषध दिले व १९३७ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. उत्तेजकाने मुले अधिकच अस्वस्थ होतील असे कोणासही वाटावे; प्रत्यक्षात १४ मुलांच्या अभ्यासात ठळक सुधारणा दिसली. १९४४ साली स्वित्झर्लंडमध्ये मेथिलफेनिडेट हे औषध तयार झाले व पुढे ‘रिटालिन’ या नावाने प्रसिद्धी पावले. मेंदूतील डोपामिन व नॉरअ‍ॅड्रेनॅलिन या द्रव्यांचा प्रभाव वाढवून ते अवधान टिकविण्यास साहाय्य करते. हा परिणाम काही तासांपुरताच असतो.

वादाचे स्वरूप

१९७० साली ओमाहा शहरातील असंख्य शाळकरी मुलांना अशी औषधे दिली जातात, असे वृत्त प्रसिद्ध झाले. त्यातील आकडे अतिरंजित होते, असे पुढे दिसून आले. तथापि त्याच वर्षी अमेरिकी संसदेच्या उपसमितीने या प्रश्नाची सुनावणी घेतली. मूळ प्रश्न असा होता की, औषध मुलाच्या हितासाठी दिले जाते की वर्ग शांत राहावा म्हणून?

१९९९ साली ५७९ मुलांच्या पाहणीचे निष्कर्ष जाहीर झाले. चौदा महिन्यांच्या अखेरीस, काटेकोर देखरेखीखाली दिलेले औषध विकाराच्या मुख्य लक्षणांवर केवळ वर्तनोपचारापेक्षा अधिक गुणकारी ठरले. मात्र तीन वर्षांनंतर निरनिराळ्या उपचारगटांतील हा फरक उरला नाही. भूक मंदावणे, झोप कमी होणे, उंचीची वाढ काहीशी घटणे हे दुष्परिणामही नोंदले गेले.

२०१८ साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतील आणखी एक अभ्यास शिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावा. जेथे शाळाप्रवेशाची सीमा १ सप्टेंबर आहे, तेथे ऑगस्टमध्ये जन्मलेल्या, म्हणजे वर्गात वयाने सर्वांत लहान असलेल्या मुलांमध्ये या विकाराचे निदान सप्टेंबरमध्ये जन्मलेल्यांपेक्षा सुमारे ३४ टक्के अधिक आढळले. वयाचा अपरिपक्वपणा काही वेळा आजार समजला जातो, असा याचा अर्थ होतो.

याच जाणिवेतून २००४ साली अमेरिकेत कायद्याने ठरले की, नियंत्रित औषध घेण्याची अट घालून शाळेला कोणाही मुलाचा प्रवेश अडविता येणार नाही.

आपले कर्तव्य

आपल्या देशात २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी-यादीत या विकाराचा समावेश आहे. तपासणी पथकामार्फत मुलास जिल्हा स्तरावरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविता येते.

शिक्षकांनी निदान करू नये, निरीक्षण करावे. वर्तन केव्हा, कोठे व किती काळ दिसते याची नोंद ठेवावी. मुलाचे वय, दृष्टी, श्रवण, झोप, आहार व घरातील परिस्थिती प्रथम पाहावी. पालकांवर औषधाची सक्ती करू नये. तसेच तज्ज्ञांनी दिलेले औषध ऐकीव भीतीने बंद करण्याचा सल्लाही देऊ नये. पंचायत सदस्यांनी तपासणीच्या दिवशी सर्व मुले उपस्थित राहतील, आणि पुढे पाठविलेले मूल खरोखरच केंद्रापर्यंत पोहोचेल, हे पाहावे.

औषध द्यावयाचे की नाही हे तज्ज्ञाने तपासून व पालकांच्या संमतीने ठरवावयाचे असते. त्यांच्यापुढे मुलाची खरी हकीकत ठेवणे, हे शाळेचे व गावाचे काम आहे.