मांडीवरची जागा

प्रस्तावना

घरात दुसरे बाळ येणार असले की आनंदाची गडबड सुरू होते. आईचे डोहाळे पुरवले जातात, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवली जातात, नावांची चर्चा रंगते. या गडबडीत पहिल्या मुलाच्या मनात काय चालले आहे, याकडे मात्र अनेकदा दुर्लक्ष होते. प्रस्तुत पाठात आपण त्या मनाचा विचार करणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यावर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :
• पाठच्या भावंडाच्या आगमनापूर्वी मुलाच्या मनात उद्भवणारी भीती स्पष्ट करणे.
• अशा वेळी आईवडिलांनी काय करावे, हे सांगणे.

मूळ पाठ

दोन-तीन वर्षांच्या मुलाला महिन्यांचा हिशेब कळत नाही. आईची मांडी मात्र कळते. आईला वाकणे जड जाऊ लागते. ‘उचलून घे’ म्हटल्यावर ‘आता नको’ असे उत्तर येते. आपले काहीतरी निसटत आहे, हे मुलाला जाणवते. त्यातच एखादा नातलग ‘आता तुला कोण विचारणार?’ अशी थट्टा करतो. मोठ्यांची ती घटकाभराची गंमत असते. मूल मात्र ती खरी मानते.

ऑस्ट्रियातील मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड ॲडलर (१८७०–१९३७) यांनी थोरल्या मुलाच्या या अवस्थेची तुलना पदच्युत राजाशी केली आहे. मोठे झालेले मूल पुन्हा अंथरूण ओले करते, बोबडे बोलते, भरवून घेण्याचा हट्ट धरते. आपण त्याला मत्सर म्हणून मोकळे होतो. वस्तुतः ते मूल एकच प्रश्न विचारत असते : ‘माझी जागा आहे ना?’

या प्रश्नाचे उत्तर नुसत्या शब्दांनी देता येत नाही; त्यासाठी वेळ द्यावा लागतो. तो फार लागतो असेही नाही. दिवसभर कष्ट करणाऱ्या आईलाही संध्याकाळी पंधरा मिनिटे काढता येतात. मुलाला जवळ घेऊन शेंगा सोलाव्यात, गोष्ट सांगावी, तो लहान असतानाच्या आठवणी सांगाव्यात. दुपट्यासाठी कापडाचा तुकडा त्यालाच निवडू द्यावा. एवढा वेळ तरी ‘लवकर आटप’ हे शब्द उच्चारू नयेत.

वडिलांचा वाटाही तितकाच महत्त्वाचा आहे. बाळंतपणाच्या दिवसांत आई मुलाला पुरेशी मिळत नाही. कधी ती माहेरी जाते आणि मूल वडिलांजवळ राहते. म्हणून न्हाऊ घालणे, निजवणे ही कामे वडिलांनी काही महिने आधीच हाती घ्यावीत. मुलाला आजीजवळ झोपवायचे असेल, तर तो बदलही आधीच करावा. ऐनवेळी केल्यास ‘बाळामुळे मला दूर केले’ असे त्याला वाटते.

इंग्लंडमधील केंब्रिज येथे ४० कुटुंबांचा अभ्यास करून ज्युडी डन आणि कॅरल केंड्रिक यांनी १९८२ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्या घरांत आई थोरल्या मुलाशी बाळाच्या गरजांविषयी आणि भावनांविषयी बोलत होती, तेथे भावंडांचे संबंध अधिक स्नेहाचे आढळले. ‘बाळ का रडत असेल? त्याला भूक लागली असेल का?’ असे विचारले की मूल बाळाकडे प्रतिस्पर्धी म्हणून न पाहता माणूस म्हणून पाहू लागते.

एक गोष्ट मात्र विसरू नये. बाळ येण्यापूर्वीचा हा वेळ बाळ आल्यावर एकाएकी बंद पडला, तर मुलाची भीतीच खरी ठरते. पंधरा मिनिटांची पाच झाली तरी चालतील; पण ती पाच मिनिटे त्याचीच असावीत. मांडी एकच असली, तरी तीवर दोघांची जागा असते, हे मुलाला अनुभवानेच कळते.

शब्दार्थ

पाठचे भावंड – आपल्यानंतर जन्मलेला भाऊ किंवा बहीण
पदच्युत – अधिकारपदावरून दूर केलेला
दुपटे – बाळाला गुंडाळण्याचे मऊ, दुपदरी वस्त्र

पाठगत प्रश्न

१. थोरल्या मुलाच्या हट्टामागे कोणता प्रश्न दडलेला असतो?
२. वडिलांनी कोणती कामे आधीच हाती घ्यावीत? का?
३. तुमच्या परिचयातील एखाद्या घरात थोरल्या मुलाला धीर कसा दिला गेला, ते आठ-दहा ओळींत लिहा.