परदेशातील नोकरी आणि चार संपदा



पूर्वी आपल्या नांदेड-लातूर भागातील माणसे पोटासाठी पुणे, मुंबई, फार तर हैदराबाद गाठत. आता त्याच घरांतील मुलेमुली इंजिनिअर, हिशेबतपासनीस, संगणकतज्ज्ञ होऊन साता समुद्रापलीकडच्या कंपन्यांत जात आहेत. आनंदाची गोष्ट आहे. परंतु विमानाचे तिकीट मिळाले म्हणजे तेथे निभाव लागला असे नव्हे. म्हणून हा छोटा पाठ.

अंगुत्तर निकायात एक प्रसंग आहे. कोलियांच्या कक्करपत्त गावी दीघजाणू नावाचा गृहस्थ भगवंतांकडे आला. आपण बायकामुलांत राहणारी संसारी माणसे आहोत, आपल्या हिताचा मार्ग कोणता, असे त्याने विचारले. भगवंतांनी त्याला याच जन्मी हितकारक अशा चार गोष्टी सांगितल्या. परदेशी निघालेल्याने त्या शिदोरीसारख्या बांधून घ्याव्यात.

१) उट्ठानसंपदा

उट्ठानसंपदा म्हणजे कामातील उद्योग व कौशल्य. आपल्याकडे वडीलधाऱ्यांना उलट विचारायचे नाही, अशी शिकवण असते. परदेशी कचेरीत मात्र न समजता मान डोलावणारा माणूस अडचणीत येतो. काम समजले नसेल तर त्याच वेळी विचारावे. ‘होऊन जाईल’ असे न म्हणता कोणत्या तारखेला होईल ते सांगावे, आणि उशीर होणार असेल तर आधीच कळवावे. अमेरिका-इंग्लंडमधील अनेक कंपन्यांत साहेबाला नावाने हाक मारतात. तो उद्धटपणा नव्हे, रीत आहे. नऊची बैठक म्हणजे नऊच. बैठकीत गप्प बसणे नम्रता मानली जात नाही. या माणसाला काही सांगायचे नाही, एवढाच अर्थ घेतला जातो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. ९ मे १९१६ रोजी प्रा. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. तेव्हा त्यांचे वय होते २५. परक्या देशात, परक्या भाषेत ते बोलले, कारण तयारी पक्की होती.

२) आरक्खसंपदा

आरक्खसंपदा म्हणजे मिळवलेले सांभाळणे. येथे केवळ पैसा नव्हे, कागदही सांभाळावे लागतात. नेमणुकीचा करार सही करण्यापूर्वी पूर्ण वाचावा: पगार, रजा, विमा, नोकरी सोडण्याची मुदत. पासपोर्ट स्वतःजवळ ठेवावा. नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणारा दलाल १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणीकृत आहे का, हे आधी पाहावे. अमेरिकेचा एच-वन-बी परवाना मालकाशी बांधलेला असतो. नोकरी गेली तर दुसरी सोय लावण्यास साधारणपणे जास्तीत जास्त ६० दिवसच मिळतात. म्हणून पहिल्या पगारापासून काही महिन्यांचा खर्च बाजूला टाकावा. मोटार मागाहून घेता येते.

३) कल्याणमित्तता

कल्याणमित्तता म्हणजे चांगल्यांची संगत. न्यूयॉर्कमध्ये बाबासाहेबांना नवल भथेना हे पारशी मित्र लाभले. ही मैत्री आयुष्यभर टिकली आणि पुढे अडचणीत त्यांनी पैशाचीही मदत केली. आपणही केवळ आपल्या भाषेच्या माणसांत कोंडून घेऊ नये.

परदेशातील वर्षांत आपण अस्पृश्य आहोत याचा विसर पडला होता, असे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. १९१७ मध्ये ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हा मात्र त्यांना राहायला जागा मिळेना. आज उलट अनुभवही येतो. परदेशातील आपल्याच देशबांधवांच्या मेळाव्यात आधी आडनाव, मग गाव, मग ‘म्हणजे तुम्ही नेमके कोण?’ असे प्रश्न येतात. उत्तर द्यावे की नाही, हा आपला हक्क आहे. लाज वाटण्याचे कारण मात्र मुळीच नाही. कामाच्या ठिकाणी जातीवरून त्रास झाला तर तारीखवार टिपण ठेवावे आणि कंपनीच्या मनुष्यबळ विभागाकडे लेखी तक्रार करावी. अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहराने २०२३ मध्ये जातीवरून भेदभाव करण्यास कायद्याने बंदी केली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील तशा विधेयकावर गव्हर्नरांनी सही नाकारली. म्हणजे लढाई चालू आहे आणि स्थळपरत्वे कायदा वेगळा आहे. आपण जेथे राहतो तेथला नियम माहीत करून घ्यावा.

४) समजीविता

समजीविता म्हणजे आय पाहून खर्च. उधळपट्टी नको आणि चिक्कूपणाही नको. तराजू धरणाऱ्यासारखी नजर हवी. डॉलरचे रुपये करून गावाकडची माणसे हिशेब मांडतात. पण कर, घरभाडे, विमा, प्रवास त्यांना दिसत नाही. मुलाने हा हिशेब आईवडिलांना पहिल्याच महिन्यात मोकळेपणाने सांगावा आणि घरी दरमहा पाठवायची रक्कम ठरवून टाकावी. जमीन गहाण टाकून पाठवले असेल, तर कर्जफेड आधी. आईवडिलांनीही फोनवर आधी ‘जेवलास का?’ विचारावे, पैशाचे मागाहून. हिवाळ्यात लवकर अंधार पडतो, एकटेपणा खायला उठतो. अशा वेळी रोज थोडे ध्यान करावे, माणसांत जावे, आणि मन सावरत नसेल तर डॉक्टरांकडे जाण्यास संकोच करू नये.

समारोप

शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धवट सोडावे लागले. मुंबईत प्राध्यापकी करून, पैसे साठवून आणि मदत मिळवून ते १९२० मध्ये परत गेले व अपुरे काम पुरे केले. अडथळा आला म्हणजे वाट संपली असे नाही, हा त्यातला धडा.

जो तिकडे स्थिरावला त्याने येथील एका तरी विद्यार्थ्याचा हात धरावा. अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. अर्ज कसा भरावा, विद्यापीठ कोणते निवडावे, हे सांगणारा अनुभवी माणूस मिळाला तर खेड्यातल्या मुलाचे एक वर्ष वाचते. अटी बदलत असतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरात नीट वाचावी.

अभ्यासमंडळात चर्चेसाठी प्रश्न

१. चार संपदांपैकी आपल्यात कोणती कमी आहे? ती येथे राहूनच कशी वाढवाल?
२. समजले नसताना ‘हो’ म्हणण्याची सवय आपल्याला कोठून लागते?
३. परदेशी गेलेल्याकडून कुटुंबाने काय अपेक्षा ठेवावी आणि काय ठेवू नये?

भवतु सब्ब मंगलं! जय भीम!