वचन आणि काम



आता तुम्हाला वाचता येते. सातबाऱ्यावर आपले नाव बरोबर आहे की नाही, ते तुम्ही स्वतः पाहता. कागद हातात आला की आधी काय पाहता? सही कुणाची आहे ते. सही खरी असेल, तर चुरगळलेला कागदही आपण पेटीत जपून ठेवतो. सही खोटी असेल, तर कोऱ्या करकरीत स्टॅम्पाचाही उपयोग नाही.

वचनाचेही असेच आहे. वचन किती गोड आहे हे पाहू नये. देणारा कोण आहे ते पाहावे. आज आपण देवाच्या वचनाविषयी वाचू.

आपल्या खानदेशाला संकटे नवी नाहीत. धुळ्याकडे पाऊस दगा देतो. रावेर-यावलकडे हातातोंडाशी आलेली केळी एका वादळात आडवी होते. १८९९-१९०० साली मोठा दुष्काळ पडला. १९७२ साली पुन्हा दुष्काळ पडला. तेव्हा माणसांनी दुष्काळी कामांवर खडी फोडली आणि लाल मिलोची भाकर खाऊन दिवस काढले.

अशा वेळी घरातला तरुण विचारतो, “आबा, वचनानं पोट भरतं का? देव सांभाळतो म्हणता ना? मग आपली विहीर का आटली?”

हा प्रश्न खरा आहे. तो विचारला म्हणून देव रागावत नाही. बायबलातल्या माणसांनीही देवाला असे प्रश्न विचारले आहेत. पण वचन काय आहे, ते नीट समजून घेतले पाहिजे. दुष्काळ कधी येणारच नाही, असे देवाने म्हटलेले नाही. संकटात तो आपल्याला सोडणार नाही, असे ते वचन आहे.

मग वचनावर विश्वास ठेवायचा म्हणजे काय करायचे? हात जोडून बसून राहायचे? नाही. बायबलात यिर्मयाची गोष्ट आहे, ती ऐका.

यरुशलेम शहराला बाबेलच्या फौजेने वेढा घातला होता. शहरात अन्न संपत आले होते. यिर्मया राजाच्या कैदेत होता. तेवढ्यात त्याचा चुलतभाऊ आला. म्हणाला, अनाथोथ गावातले माझे शेत तू विकत घे. आता सांगा, शत्रू दाराशी असताना शेत कोण घेईल? पण देवाने वचन दिले होते, की या देशात लोक पुन्हा घरे आणि शेते घेतील. त्या वचनावर यिर्मयाने १७ शेकेल चांदी मोजून दिली. खरेदीखत केले. साक्षीदार घेतले. खत पुष्कळ दिवस टिकावे, म्हणून ते मातीच्या भांड्यात ठेवायला सांगितले.

पुढे काय झाले? शहर पडले. लोक कैद होऊन परदेशी गेले. यिर्मयाला ते शेत कसायला मिळाले नाही. पण बऱ्याच वर्षांनी लोक परत आले. परत आलेल्यांची यादी बायबलात आहे. तीत अनाथोथची १२८ माणसे आहेत. वचन खरे ठरले, पण देवाच्या वेळेने.

आता आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण घेऊ. पंडिता रमाबाई सोळा वर्षांच्या होत्या. १८७४ साली दुष्काळात त्यांचे वडील गेले, आई गेली, थोरली बहीणही गेली. पुढे १८८० साली भाऊ वारला. १८८२ साली पती वारले. कडेवर लहान मुलगी होती. १८८३ साली त्यांनी ख्रिस्ताचा स्वीकार केला. म्हणून पुढे दुःख आले नाही, असे नाही. पण त्यांचे हात थांबले नाहीत.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. भूक काय असते, हे रमाबाईंना ठाऊक होते. त्या तिकडे गेल्या आणि सुमारे ३०० स्त्रिया व मुली घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगावला त्यांची जमीन होती. तिथे मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या सुमारास तिथे दीड हजारांच्या आसपास माणसे होती. एवढ्यांना रोज काय खाऊ घालायचे? रमाबाई देवाची प्रार्थना करीत आणि लगेच कामाला लागत. तिथे स्त्रिया लिहायला-वाचायला शिकल्या, विणायला, शेती करायला, छापखाना चालवायला शिकल्या.

साध्या बायामाणसांना कळावे, म्हणून रमाबाईंनी सोप्या मराठीत बायबलाचे भाषांतर केले. १९२१ साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. तरीही शेवटपर्यंत त्यांनी ते काम सोडले नाही. १९२२ साली त्यांचे निधन झाले.

पाहा, दोघांनीही वचन धरून ठेवले आणि आजचे काम केले. एकाने खत केले, एकीने भुकेल्यांना घरी आणले.

आपणही तसेच करू. कर्ज झाले तर ते घरापासून लपवू नये. बायकोला, भावाला सांगावे. शेजाऱ्याची चूल पेटली नाही, तर आपल्यातली अर्धी भाकर द्यावी. देवाचे वचन पुष्कळदा शेजाऱ्याच्या हातानेच आपल्या दारी येते. आणि कधी जीव नकोसा झाला, तर त्या रात्री एकटे राहू नये. कुणाला तरी उठवावे आणि मनातले बोलावे. मध्यरात्री दार वाजवले म्हणून खरा सोबती रागावत नाही.

आबांनी त्या तरुणाला एवढेच सांगावे : “बाळा, वचनानं विहीर भरत नाही. पण वचन असलं म्हणजे माणूस कुदळ खाली ठेवत नाही.”

सांगा पाहू

१. कागद हातात आल्यावर आपण आधी काय पाहतो? का?
२. वेढा पडला असताना यिर्मयाने शेत का घेतले?
३. रमाबाईंनी दुष्काळात काय काम केले?
४. तुमच्या गावात आज कुणाच्या घरी संकट आहे? तुम्ही काय करू शकाल?