भाव उतरणारच, हे धरून चाल
(बॉल पायथनच्या पैदाशीत उतरू पाहणाऱ्या भाच्याला मावशीचे कानमंत्र)

तळघरात रॅक लावून बॉल पायथनची पैदास करायची आणि पाचेक वर्षांत नोकरीला रामराम ठोकायचा, असा तुझा बेत कानावर आला. तुझे काका आणि मी शिकागोच्या या बाजूला बरीच वर्षं हे साप वाढवतोय. टिनली पार्कच्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या एक्स्पोत टेबल मांडून विकतोयसुद्धा. तुला अडवणार नाही. हा जीव शांत, देखणा आणि सांभाळायला सोपा आहे. पण यातल्या पैशाबद्दल चार गोष्टी आधी ऐकून घे. साप हा असा माल आहे की तो स्वतःच आणखी माल काढतो. त्यामुळे त्याचा भाव उतरणं हा या धंद्याचा नियमच आहे. हा नियम धरून जो हिशेब मांडतो, तोच इथे टिकतो.

जुने भाव पाठ कर

नव्या रंगाचा भाव ऐकून डोळे दिपले की जुन्या रंगांचे भाव आठवायचे. १९९२ मध्ये बॉब क्लार्क या ब्रीडरने पहिल्यांदा अल्बिनो बॉल पायथनची पैदास केली, तेव्हा एकेक पिल्लू हजारो डॉलरला जात होतं. १९९७ मध्ये पीटर काल या दुसऱ्या ब्रीडरने पाइड, म्हणजे अर्धा पांढरा न् अर्धा नक्षीदार साप काढला. त्याचा भाव पाच आकड्यांत गेला. २००१ मध्ये लॅव्हेंडर अल्बिनो आला, तोही पाच आकड्यांत. आज कुठल्याही एक्स्पोत जा. अल्बिनो आणि पाइडची पिल्लं काही शे डॉलरला मिळतात आणि घासाघीस केली तर त्याहून खाली येतात. पश्चिम आफ्रिकेतल्या घाना, टोगो, बेनिनहून येणारा साधा तपकिरी साप तर त्याला ठेवायच्या पेटीपेक्षा स्वस्त पडतो.

या सापांत काही खोट निघाली होती का? मुळीच नाही. पाइड आजही तितकाच सुंदर आहे. १९९७ मध्ये लोकांनी पैसे मोजले ते दुर्मिळपणाचे, आणि दुर्मिळपणा दर विणीला थोडा थोडा संपतो.

तुझं गिऱ्हाईक हाच तुझा उद्याचा स्पर्धक

महागडं पिल्लू कोण घेतं, ते नीट बघ. घरात एक साप पाळणारा माणूस एवढे पैसे टाकत नाही. टाकतो तो ज्याला त्या पिल्लापासून पुढे पैदास करायची आहे. आज तू त्याला जोडी विकलीस की तीन-चार वर्षांनी तो तुझ्या शेजारच्या टेबलावर तीच पिल्लं घेऊन बसणार, आणि तुझ्यापेक्षा पन्नास डॉलर कमी सांगणार. त्याची गिऱ्हाइकं पुढे त्याच्याशी तेच करणार.

ईमूचं काय झालं, ते तुझ्या आईला विचार. अमेरिकेत १९९०च्या दशकात ईमूच्या जोड्यांना हजारो डॉलर मिळत होते. प्रत्येक जण पिल्लं विकत होता ती दुसऱ्या ईमूवाल्याला. मांस खाणारं गिऱ्हाईक मात्र फारसं कोणी तयार केलं नव्हतं. नवे ईमूवाले यायचे थांबले आणि सगळं कोसळलं. तोच खेळ पुढे भारतात झाला. महाराष्ट्रातही ईमूचे फार्म निघाले, आणि तमिळनाडूतल्या पेरुंदुराईची मोठी ईमू योजना २०१२ मध्ये बुडाली तेव्हा हजारो गुंतवणूकदार अडकले. म्हणून स्वतःला एकच प्रश्न विचार: माझी पिल्लं शेवटी पाळणाऱ्याच्या घरी जातात, की एका ब्रीडरकडून दुसऱ्या ब्रीडरकडे नुसती फिरतात?

तेजीत मादी घेऊ नकोस

बॉल पायथनची मादी साधारण तीन वर्षांची आणि दीड किलोच्या आसपास झाल्याशिवाय तिला नराकडे सोडायचं नसतं. म्हणजे आजचा भाव बघून मादी घेतलीस, तर तिची पिल्लं विकली जाणार ती तीन-चार वर्षांनंतरच्या बाजारात. लासलगावात गेल्या हंगामात भाव मिळाला म्हणून यंदा सगळे कांदाच लावतात, तसलाच हा प्रकार. फक्त इथे पीक हाताशी यायला महिने नाही, वर्षं लागतात.

२०२०-२१ मध्ये हेच झालं. लोक घरात बसले होते, हातात वेळ होता, पाळीव प्राण्यांना मागणी आली, भाव चढले. शेकडो नव्या लोकांनी माद्या घेतल्या. त्या माद्या अंड्यावर आल्या तोवर लोक कामावर परतले होते, महागाईने खिसे हलके झाले होते. पिल्लांचा पूर आणि गिऱ्हाइकाचा दुष्काळ एकाच वेळी आला. त्यातले कित्येक जण आता रॅकसकट साप विकताहेत. मादी घ्यायचीच असेल तर अशा मंदीत घे, तयार वयाची घे, आणि विकणाऱ्याकडून खाण्याच्या नोंदींची वही मागून घे.

अंडं दिसायच्या आधी खर्च मांड

वही काढ आणि माझ्याबरोबर लिही. समज, मादी घेतली २०० डॉलरला. गोठवलेला एक उंदीर ३ डॉलरचा, वर्षात ३५ वेळा खाणं. म्हणजे वर्षाला १०५ आणि तीन वर्षांत ३१५. मादीवर ५१५ डॉलर गेले. वीज, टब, थर्मोस्टॅट, भुसा, डॉक्टर, एक्स्पोच्या टेबलाचं भाडं, यातलं अजून काहीच धरलेलं नाही. नराचंही नाही.

आता उत्पन्न. एका विणीला साधारण सहा अंडी. ३१-३२ अंश सेल्सिअसला दोन महिन्यांच्या आत-बाहेर ती फुटतात. मादी पाइड आणि नर पाइडचा हेट (पाइडचं जनुक असलेला, पण साधा दिसणारा) असेल, तर सरासरीने निम्मी पाइड निघतात आणि निम्मी हेट. पाइड १५० डॉलरला आणि हेट ५० ला गेले असं समजलं, तर हाती आले ६००. म्हणजे पहिल्या विणीने कशीबशी एकट्या मादीची भरपाई केली. दुसऱ्या विणीपर्यंत भाव निम्मा झाला, तर हाती येतात ३००. आणि मादी दर वर्षी अंडी घालेलच, असं तिने कुणाला लिहून दिलेलं नाही.

मी नेहमी सांगते, जोडी घेताना आजचा भाव लिही, त्याच्या निम्मा कर, त्या निम्म्यात खर्च निघतो का ते बघ. निघत असेल तरच पुढे जा.

'हेट'च्या नावाखाली कागद विकत घेऊ नकोस

हेट म्हणजे जनुक पोटात आहे पण अंगावर दिसत नाही, असा साप. दोन हेटांची जोडी लावली की चारात एक रंगीत निघतो. उरलेली तीन सारखीच दिसतात, पण त्यांतल्या दोघांत जनुक असतं आणि एकात नसतं. म्हणून ती '६६ टक्के हेट' म्हणून विकली जातात. भाव घसरायला लागला की सगळ्यात आधी आणि सगळ्यात जोरात हाच माल घसरतो. खुद्द रंगीत साप स्वस्तात मिळत असताना शंकेचा साप कोण घेणार?

आता कातेवरून जनुक तपासून देणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. ज्या जनुकांची तपासणी होते, त्यांचा निकाल माग. निकाल नसेल तर तो साप साधा आहे असं समजून पैसे दे. विकताना तूही तसंच वाग. या धंद्यात माणसं थोडी आणि त्यांची स्मरणशक्ती लांब.

व्यंगाचा रंग दारात घेऊ नकोस

स्पायडर हा मॉर्फ, म्हणजे रंग-नक्षीचा प्रकार, एके काळी घरोघरी होता. त्या जनुकाबरोबर मान डुगडुगणं, तोल जाणं येतं, आणि ते वेगळं काढता येत नाही. ब्रिटनमधल्या इंटरनॅशनल हर्पेटॉलॉजिकल सोसायटीने आपल्या मेळ्यांत त्याची विक्रीच बंद केली. लेपर्ड गेको या पालीतला लेमन फ्रॉस्ट त्याहून वाईट. सुरुवातीला त्याच्यावर लोकांच्या उड्या पडल्या, मग अंगावर गाठी दिसू लागल्या. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवून दिलं की जे जनुक तो लिंबासारखा रंग देतं तेच त्वचेच्या रंगपेशींच्या गाठींशीही जोडलेलं आहे. बहुतेक जनावरांना त्या होत होत्या.

दुर्मिळ रंगाचा भाव हळूहळू उतरतो. व्यंग उघडं पडलेल्या रंगाला गिऱ्हाईकच उरत नाही. आणि पैसा बाजूला ठेव, मुक्या जनावराला जन्मभराचं दुखणं देऊन रंग काढायचा, हे आपल्या घरात चालणार नाही.

मंदीतला स्वस्त साप आधी वेगळ्या खोलीत

धंदा गुंडाळणाऱ्याकडून दहा साप मिळतात पाचाच्या भावात. घे, पण थेट रॅकमध्ये ठेवू नकोस. गोचीड-पिसवांसारखे सापाचे माइट्स एका टबातून सगळ्या रॅकभर पसरतात. अजगरांच्या श्वसनमार्गाचा निडोव्हायरस तर आतल्या आत राहतो आणि अख्खा संग्रह संपवतो. नवा साप तीन महिने वेगळ्या खोलीत, वेगळ्या चिमट्याने खाणं, त्याचं काम सगळ्यात शेवटी आणि मग हात स्वच्छ. घसरत्या बाजारात निरोगी साप हीच एक गोष्ट तुझ्या हातात असते.

विकायचं तर पाळणाऱ्याला, आणि वेळेत

पिल्लू खायला लागलं, चार-पाच जेवणं नीट झाली की विकायला काढ. 'भाव चढेल' म्हणून धरून ठेवू नकोस. महिन्याला पाच डॉलरचं खाणारं पन्नास डॉलरचं पिल्लू सहा महिन्यांत तीस डॉलर पोटात घालतं. शेवटी तीसला जाणार असेल, तर आजच चाळीसला जाऊ दे.

पहिल्यांदा साप घेणाऱ्या कुटुंबाला रंगाच्या नावांच्या लांबलचक माळेशी देणंघेणं नसतं. त्यांना हवा असतो न चावणारा, न चुकता खाणारा साप आणि अडल्यावर फोन उचलणारा माणूस. त्यांना पंधरा मिनिटं जास्त दे. पेटी कशी लावायची ते दाखव, उंदीर किती मोठा ते दाखव. हे गिऱ्हाईक तुझं स्पर्धक होत नाही आणि चार माणसांना तुझं नाव सांगतं.

लांबच्या गिऱ्हाइकाला पाठवताना लक्षात ठेव, अमेरिकेचं टपाल खातं साप घेत नाही. रात्रीत पोचवणाऱ्या कुरियरनेच पाठवावा लागतो, हवेप्रमाणे गरम किंवा गार पाकीट घालून. त्याचं भाडं कधी कधी सापाहून जास्त होतं. म्हणून गाडीने जाता येईल इतक्या अंतरातली गिऱ्हाइकं आधी धर.

कायद्याची बातमी रोज वाच

भाव एका सरकारी कागदानेही पडतो. २०१२ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने बर्मी अजगराला लेसी या वन्यजीव कायद्याखाली घातक प्रजातींत टाकलं आणि ब्रीडरांचं राज्याबाहेरचं गिऱ्हाईक तुटलं. आंतरराज्य वाहतुकीवरची ती बंदी बऱ्याच अंशी कोर्टात टिकली नाही, पण २०१७चा निकाल येईपर्यंत कित्येकांनी दुकान बंद केलं होतं. २०२१ मध्ये फ्लोरिडाने तेगू आणि हिरवा इगुआना या सरड्यांसह अनेक प्रजातींवर निर्बंध आणले. हवाईत तर कुठलाच साप चालत नाही. आपल्या गावचा, काउंटीचा नियम आधी बघ. कराचाही कागद सांभाळ: पाचांपैकी तीन वर्षं नफा दिसला तर करखातं त्याला धंदा मानून चालतं, एरवी छंद ठरला की तोटा वजा मिळत नाही.

पुण्यातला तुझा मित्र 'इथे सुरू करू का' म्हणून विचारत होता ना, त्यालाही सांग. भारतात अजगर, तारा कासव अशी आपली जनावरं घरात ठेवणं हा गुन्हा आहे. बॉल पायथनसारखे परदेशी जीवही २०२२च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्याच्या कक्षेत आलेत. ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि २०२४च्या नियमांप्रमाणे ठेवण्याची, जन्माची, मृत्यूची, दुसऱ्याला दिल्याची नोंद करावी लागते. मुंबई विमानतळावर बॅगेत कोंबून आणलेले साप पकडल्याच्या बातम्या तो वाचतच असेल. स्वस्तात मिळाला म्हणून कागद नसलेला साप घेऊ नये.

जेवढे जन्मभर पोसता येतील तेवढेच

भाव उतरतो, सापाचं आयुष्य उतरत नाही. बॉल पायथन वीस-तीस वर्षं सहज जगतो. सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयातल्या, किमान बासष्ट वर्षांच्या मादीने २०२० मध्ये सात अंडी घातली, तीही पंधरा-एक वर्षांत नराचं तोंड न बघता. आणि आज ३० डॉलरला विकला जाणारा साप उद्या लोक सोडून देतात. बचाव केंद्रं अशा सापांनी भरलेली आहेत.

म्हणून राजा, नोकरी सोडू नकोस. दोन-तीन माद्या, एक चांगला नर, त्यांचा नीट सांभाळ आणि नोंदींची वही, एवढ्यावर सुरुवात कर. एकही पिल्लू विकलं गेलं नाही तरी सगळ्यांना पोसता येईल, इतकीच अंडी उबवायला ठेव. बाकीची फुटू देऊ नकोस. पैसे मिळाले तर बरंच, नाही मिळाले तरी घर चालेल, असा हा छंद आहे. धंदा म्हणून यावर कर्ज काढायचं नाही, हे माझं शेवटचं सांगणं.